जावयाच्या नावाची भांडी

शालूबाई आमच्याकडे भाकऱ्या करायला पहिल्यांदा आल्या, तेव्हा माझ्या हातची सकाळची एक भाकरी टोपल्यात उरली होती. त्यांनी ती उचलली, खिडकीच्या उजेडाला धरली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "वैनी, ह्यो कुठल्या जिल्ह्याचा नकाशा म्हणायचा?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. पदर खोचून परातीपुढं बसल्या आणि बघता बघता अकरा भाकऱ्या थापून मोकळ्या झाल्या. त्यानंतर पीठ मळायला मी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

हे ब्याण्णव साल. कराडला आमच्या गल्लीत तेव्हा दर दोन-तीन घरांआड इंजिनिअरिंगच्या पोरांना खोल्या दिलेल्या असत. शालूबाई गल्लीच्या टोकाला त्यांच्या रंगूमावशीकडं राहायच्या. वय छत्तीस, अंगानं रुंद, आवाज मोठा. चार घरच्या भाकऱ्या करायच्या. त्यांना जेवायला बसा म्हटलं की उभ्यानंच खायच्या. "बसून खायाची सवय मोडलीया वैनी. सोळा वर्सं कामगारास्नी वाढत हुते. जरा टेकलं की कोण तरी कोरड्यास मागणारच."

सांगलीजवळच्या माधवनगरला त्यांच्या नवऱ्याचे, अर्जुनाचे, पत्र्याच्या शेडात सहा यंत्रमाग होते. लग्न झालं तेव्हा दोन होते. बाकीचे चार शालूबाईंच्या डोळ्यांदेखत आले. सकाळी मागांसाठी सुताच्या कांड्या भरायच्या, दुपारी आठ-दहा जणांचा सैपाक, संध्याकाळी पुन्हा कांड्या. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नव्वद साली अर्जुनानं स्वतः त्यांना एसटीत बसवून दिलं. खिडकीतून केळी घेऊन दिली. "मावशीकडं महिनाभर ऱ्हा. जरा हवापालट हुईल," म्हणाला. महिन्यानं शालूबाईंनी निरोप धाडला, येऊ का? उत्तर आलं, शेडचं काम काढलंय, जरा थांब. दिवाळीला विचारलं, तर आईला बरं नाही, आत्ताच नको. त्या थांबत राहिल्या. माणूस सांगतोय थांब, तर थांबायचं, एवढंच त्यांना कळत होतं. दोन वर्षं भरली आणि वकिलाची नोटीस आली. बायको काही कारण नसताना घर सोडून गेली, दोन वर्षं नांदायला येत नाही, सबब घटस्फोट मिळावा.

ती नोटीस मीच त्यांना वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "केळी घेऊन दिली तवाच मला कळाय पायजे हुतं. सोळा वर्सांत कदी शेंगदाणं घेऊन दिलं न्हाईत."

शेडवर कांड्या भरायला येणाऱ्या कुणा बाईशी त्याला लग्न करायचं होतं, हे पुढं कळलं. सांगलीच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. खटला चालेपर्यंत महिना चारशे रुपये पोटगी द्यावी, असा हुकूम त्र्याण्णवमध्ये झाला. अर्जुनानं पहिला महिना दिला. फोटो काढल्यासारखा, एकदाच.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या पोरांची खानावळ बंद पडली. सगळी मिळून शालूबाईंकडं आली. "मावशी, जुलैपासून तुम्हीच डबे करा. आम्ही अठरा जण आहोत." रंगूमावशीनं मागची पडवी द्यायचं कबूल केलं. चार घरच्या भाकऱ्या करून महिन्याला जे हातात पडे, त्याच्या चौपट तरी सुटलं असतं. शालूबाईंच्या चालण्यात मी पहिल्यांदा मिजास पाहिली. अडचण एकच होती. अठरा पोरांचा भात शिजायला त्यांच्याकडं भांडं नव्हतं.

"भांडी हाईत की माझी," त्या म्हणाल्या. "तिकडं माळ्यावर पडल्यात. बापानं दिलेली."

मग त्या भांड्यांची गोष्ट निघाली. भाकरी थापता थापता त्यांनी ती सांगितली आणि त्या दिवशी एक भाकरी करपली.

शालूबाईंचे वडील कोंडीबा माधवनगरच्या गिरणीत कामाला होते. एकुलत्या लेकीच्या लग्नात त्यांनी जन्माची कमाई पितळेत घातली. दोन मोठी पातेली, एक वीतभर काठाची परात, दोन हंडे, कळशी, तीन तपेली, घंगाळ, पिठाची मोठी चाळण, सगळं जाड पत्र्याचं. तेव्हा भांड्यांवर नाव घालायची पद्धत होतीच. भांडी शेजारपाजारी लग्नाकार्याला जातात, नाव असलेलं बरं. नाव घालणारा म्हातारा छिन्नी-हातोडी घेऊन दारात बसला. अक्षरावर पैसे. कोंडीबानं लेकीला हाक मारली, "शाले, तुझं घालू का जावयाचं?"

"मी काय म्हणावं वैनी? मी म्हटलं, त्यांचंच घाला. नवी नवरी सासरी गेली आन् समद्या भांड्यावर सवताचंच नाव, म्हंजी आल्या आल्या वाटणी मागितल्यागत. चांगलं दिसतं का?"

कोंडीबालाही ते पटलं. उलट अभिमान वाटला. जावई दोन मागांचा मालक, त्याचं नाव आपल्या पितळेवर शोभेल. म्हाताऱ्यानं विचारलं, खाली 'कोंडीबाकडून' घालू का? कोंडीबानं मनातल्या मनात अक्षरं मोजली, भांडी मोजली, आणि म्हणाला, "माझं नाव कशाला? आख्ख्या माधवनगराला ठावं हाय कुणी दिल्यात ती."

तसं प्रत्येक भांड्यावर फक्त जावयाचं नाव पडलं. अर्जुन मारुती खोत.

वकिलांकडं गेलो तेव्हा शालूबाईंनी आधी भांड्यांचंच विचारलं. वकील म्हणाले, "लग्नात दिलेलं म्हणता, तर पावत्या आहेत का?"

"पावती कशाची? बापानं दिलंय, दुकानदारानं न्हवं."

"साक्षीदार?"

"बाप हुता. सात वर्सं झाली जाऊन."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते म्हणाले, भांड्यांचा अर्ज करता येईल, पण त्याला वर्षं लागतील आणि निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. त्यापेक्षा थकलेल्या पोटगीसाठी जप्ती लावा. कोर्टाच्या बेलिफाला घेऊन थेट शेडवर जा, मागांवर बोट ठेवा. माग बंद पडायची पाळी आली की माणूस उभ्या उभ्या पैसे काढतो. ओशाळला तर भांडीही सोडून देईल.

शालूबाई कचरत होत्या. घरावर जप्ती नेणं म्हणजे त्यांना मयताच्या घरी हलगी नेण्यासारखं वाटत होतं. मी त्यांना म्हटलं, "शालूबाई, लावा जप्ती." हे वाक्य माझं आहे, म्हणून इथं लिहिते.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही सकाळच्या एसटीनं सांगलीला गेलो. शालूबाईंनी पिशवीत चार रिकामी पोती आणि सुंभाचा दोर घेतला होता. भांडी बांधून आणायला. बेलिफ मध्यमवयाचा, सडसडीत, बोलायला मऊ माणूस होता. वाटेत त्यानं समजावून सांगितलं. "ताई, दाखवायचं काम तुमचं. तुम्ही ज्याच्यावर बोट ठेवाल ते मी लिहिणार. माझ्या मनानं मी चमचासुद्धा उचलत नाही. रोजच्या सैपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे, त्याला हात लावता येत नाही. बाकी जे नवऱ्याचं आहे ते दाखवा."

शेडात माग चालू होते. त्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नव्हतं. शालूबाई दारातच उभ्या राहिल्या. मग हात लांब करून त्यांनी एकेका मागावर बोट दाखवलं, सहा वेळा. कामगारांनी त्यांना ओळखलं. एकानं मान खाली घातली. दुसऱ्यानं माग बंद केला, तो अर्जुनाच्या धाकट्या भावानं, ज्ञानूनं, येऊन परत चालू केला.

ज्ञानूच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत कागद होते. "सायेब, माग माझं. दोन वर्सं झाली इकत घेऊन. ह्यो कागद. लायटीचं मीटर बी माझ्याच नावावर हाय, बिल बघा."

बेलिफानं कागद वाचले, परत दिले. घराकडं आलो. टीव्ही ज्ञानूचा. त्याची पावती होती. स्कूटर ज्ञानूची. कपाट ज्ञानूचं. अर्जुना, चाळिशी उलटलेला, पांढऱ्या पायजम्यातला माणूस, बाजेवर बसून हे सगळं एखाद्या लग्नाला आल्यासारखा बघत होता. ओट्यावर त्याची आई हरणाबाई तांदूळ निवडत होती.

"शाले, वाळलीस ग," ती म्हणाली. "मावशी जेवाय घालत न्हाई व्हय?"

शालूबाईंनी सवयीनं वाकून तिच्या पायाला हात लावला. मला ते बघवलं नाही.

बेलिफ कागदावर 'काही नाही' लिहायच्या बेतात होता. तेवढ्यात अर्जुना उठला. "असं रिकाम्या हातानं नगा जाऊ सायेब. कोर्टाचा मान ऱ्हायला पायजे. माझं बी थोडं-फार हाय की. माळ्यावर."

त्यानं स्वतः शिडी लावली. स्वतः वर चढला. एकेक भांडं खाली देऊ लागला. हंडा, हंडा, कळशी, परात. पाच वर्षांची धूळ आणि कोळीष्टकं घेऊन पितळ खाली यायला लागलं. पहिलं पातेलं जमिनीवर टेकलं तशा शालूबाई पुढं झाल्या.

"ती न्हाई. ती माझी हाईत. ती मी न्ह्यायला आलेया."

"तुजी?" अर्जुना शिडीवरनंच म्हणाला. "वाच की, काय लिवलंय. चौथी शिकलीस न्हवं?"

बेलिफानं पातेलं आडवं केलं, बोटानं धूळ पुसली, नाव बघितलं. मग तो शालूबाईंना म्हणाला, "ताई, नीट ऐका. भांडी तुमची म्हणाल, तर नवऱ्याच्या बाकीपोटी मला ती जप्त करता येत नाहीत. आणि तुमच्या हवाली करायचा हुकूम माझ्याकडं नाही. म्हणजे इथंच राहतील. हा माणूस म्हणतो माझी, आणि नावही याचंच आहे. याची म्हणून जप्त केली, तर लिलाव होईल आणि पैसे तुम्हाला मिळतील. सांगा, काय लिहू?"

अर्जुना शिडीवर पाय हलवत बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं. भांडी तिची म्हटली तर त्याचा एक पैसा जात नव्हता. भांडी त्याची म्हटली, तर त्याची बाकी तिच्याच बापाच्या पितळेनं फिटत होती.

शालूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी बी.ए. झालेली, चष्मा लावणारी बाई. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "निदान ह्या घरातून बाहेर तरी निघतील. लिलावात आपणच घेऊ. पैसे मी देते. बाकीपोटी ते तुमच्या हाती आले की परत द्या."

मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

"लिवा," शालूबाई म्हणाल्या.

शेजारचे दोघे पंच म्हणून बोलावले होते. त्यांच्यासमोर प्रत्येक भांड्याचं वर्णन लिहायचं होतं. बेलिफ म्हणाला, "नाव वाचा, म्हणजे पंचांना ऐकू जाईल."

शालूबाईंनी ते नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी त्या 'मालक' म्हणायच्या. कोर्टातही नवऱ्याचं नाव वकिलानंच घेतलं होतं. मी म्हटलं, मी वाचते. बेलिफ म्हणाला, "तुम्ही नाही. ज्यांची जप्तीची दरखास्त आहे त्यांनीच सांगायचं."

"वाच की ग," हरणाबाई तांदळातून मान वर न काढता म्हणाली. "लाजतीस काय? आता कसली लाज."

मग शालूबाईंनी वाचलं. "अर्जुन मारुती खोत." हंड्यावरचं. "अर्जुन मारुती खोत." दुसऱ्या हंड्यावरचं. अकरा भांडी होती. अकरा वेळा. अर्जुना प्रत्येक वेळी शिडीवरून 'ओ' देत होता, शाळेत हजेरीला देतात तशी, आणि पंचांतला एक जण तोंडावर उपरणं धरून हसत होता.

शेवटी पंचनाम्यावर त्यांनी सही केली. जप्त केलेली भांडी नवऱ्याची आहेत, मी स्वतः दाखवली. कोर्टाच्या भाषेत एवढ्याच अर्थाचं काहीतरी. भांडी टेम्पोत घालून कोर्टात गेली. पोती पिशवीतच राहिली.

परत येताना एसटीत त्यांनी ती पिशवी मांडीवर धरली होती. पेठ नाका गेल्यावर म्हणाल्या, "परातीला चीर न्हाई पडली. मी बघितलं." मग हिशोबाला लागल्या. मोठ्या पातेल्यात भात, दुसऱ्यात आमटी. कल्हई करून घ्यायला लागेल. जुलैला अजून महिना आहे. कल्हईवाला कुठला बोलवायचा, यावर त्या कराड येईपर्यंत बोलत राहिल्या.

लिलाव जूनच्या अखेरीला ठरला. कोर्टाच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली भांडी मांडून ठेवली होती. मी घरखर्चातून बाजूला काढलेले साडेतीन हजार पदराच्या टोकाला बांधून नेले होते. मोड घेणारे दोन व्यापारी आले होते. अर्जुना आणि ज्ञानू आले होते, टेम्पो घेऊनच.

पहिली बोली मोडवाल्यानं लावली. ज्ञानूनं वाढवली. मी वाढवली. कारकुनानं मान वर केली. "बाई, तुम्ही कोण?"

"मी कराडची."

"सायेब," अर्जुना मोठ्यानं म्हणाला, "ही तिच्याच संगट आलीया. जप्तीच्या दिशी बी हुती. तिच्यासाठीच बोलतीया. तिचाच वकील असल्यागत कानात कुजबुजत हुती."

कारकून सभ्य माणूस होता. त्यानं समजावून सांगितलं, जिची दरखास्त असते तिला लिलावात बोली लावता येत नाही. स्वतः नाही, दुसऱ्याच्या हातूनही नाही. आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते. "काढलीय का?"

नव्हती काढली. मला माहीतच नव्हतं. वकिलांना आम्ही विचारलं नव्हतं. मीच म्हटलं होतं, त्यांना कशाला, पुन्हा फी मागतील. मी म्हटलं, आज अर्ज करते, लिलाव पुढं ढकला. तो म्हणाला, "साहेब रजेवर आहेत बाई. आणि माणसं आलीत."

मोडवाले मोडीच्या भावापुढं जाईनात. ज्ञानू एकेक पाऊल त्यांच्या पुढं राहिला. अठ्ठावीसशेला सगळी भांडी ज्ञानूकडं गेली. शालूबाई दहा पावलांवर उभ्या होत्या. हात पदरात गुंडाळलेले. त्यांना तोंड उघडायला मनाई होती, म्हणून त्या ओठ आवळून बघत होत्या.

ज्ञानूनं पैसे मोजले, पावती घेतली. दोघे भाऊ भांडी टेम्पोत चढवू लागले. अर्जुना जाता जाता थांबला.

"चल ग, बस टेम्पोत. जागा हाय. घासायला कोण तरी पायजेच."

मोडवाले हसले. शिपाईही हसला, मग माझ्याकडं बघून गंभीर झाला.

शालूबाई कारकुनाकडं गेल्या. "सायेब, अजून बाकी ऱ्हायली न्हवं? तिच्यापायी परत जप्ती लावता येती का?"

"येते की. बाकी फिटेपर्यंत कितीदाही लावा."

"मग लावा. मागल्या येळी भ्या वाटत हुतं, माझं काय जाईल म्हणून. आता त्या घरात माझं काय न्हाई. जे हाय ते त्येचंच हाय."

अठ्ठावीसशे रुपये हातात पडायला दिवाळी उजाडली. अर्ज, सह्या, ओळख पटवणं. पोरांनी पंधरा जुलैपर्यंत वाट पाहिली. मग स्टँडमागच्या एका खानावळीत नावं घातली. चांगली पोरं होती, येऊन सांगून गेली. "मावशी, रागावू नका." शालूबाईंनी त्यांना चहा पाजला. पडवीत नवीन चुलीसाठी आणून ठेवलेल्या विटा रंगूमावशीनं न्हाणीला वापरल्या.

मी त्यांची माफी मागितली. एकदा नाही, दोन-तीनदा. तिसऱ्यांदा त्या वैतागल्या. "वैनी, तुमी शिकल्याल्या, पण कोर्टात कुठं शिकला हुता? सोडा आता. पीठ चाळून ठेवा."

घटस्फोटाच्या खटल्यात त्याच सुमाराला त्यांची उलटतपासणी झाली. वडिलांनी दिलेले दोन-चार दागिनेही सासरीच राहिले, असं त्यांनी सांगितलं. अर्जुनाच्या वकिलानं पंचनामा पुढं केला. ही सही तुमचीच ना? भांडी नवऱ्याची आहेत म्हणून तुम्हीच दाखवलीत ना? मग वडिलांनी दिलं, वडिलांनी दिलं, हे आता कुठून आलं? शालूबाई म्हणाल्या, "सही माझी हाय." आमच्या वकिलांनी सावरायचा प्रयत्न केला, पण सही सही असते.

दुसरी जप्ती शहाण्णवच्या जानेवारीत निघाली. तोच बेलिफ. मला बघून त्यानं नुसती मान हलवली. ह्या खेपेला शालूबाई कचरल्या नाहीत. थेट आत शिरल्या. टीव्ही, कपाट, स्कूटर, नवीन शिवणयंत्र, सगळ्यावर बोट ठेवत गेल्या. ज्ञानूची प्लॅस्टिकची पिशवी प्रत्येक वेळी उघडत गेली. शिवणयंत्रसुद्धा ज्ञानूचं होतं.

मग त्यांनी भिंतीकडं बोट केलं. फळीवर घासूनपुसून चकचकीत केलेली अकरा भांडी ओळीनं मांडली होती. त्यांना नवऱ्याचं नाव इतक्या स्पष्टपणे घेताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"ती लिवा. त्याच्यावर नाव हाय. अर्जुन मारुती खोत. मागल्या येळी तुमीच मला वाचाय लावलं."

ज्ञानूनं पिशवीतून शेवटचा कागद काढला. कोर्टाच्या लिलावाची पावती. शिक्क्यासकट. "नाव काय बी असू दे सायेब. पावती माझी हाय."

बेलिफानं पावती उलटसुलट करून पाहिली. "ताई," तो म्हणाला, "ह्याला मी काही करू शकत नाही. आता नावाचा उपयोग नाही."

"मागल्या येळी हुता."

"होता."

त्यानं ओट्यावर बसून लिहिलं, जप्त करण्याजोगी मालमत्ता मिळून आली नाही. पंचांच्या सह्या झाल्या. शालूबाईंनी केली. त्यानं पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी घातली. अर्जुना शेडाकडं निघून गेला होता. त्याला थांबण्याचं कारणच उरलं नव्हतं.

आम्ही चपला घालत होतो, तेवढ्यात हरणाबाई आतून फळीवरचं घंगाळ घेऊन आली. दोन्ही हातांनी उचलून, कमरेवर टेकवून. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता की लाज नव्हती. रोजच्या कामातली बाई होती ती.

"शाले, जरा बघ ग. हे बुडातनं गळाय लागलंय. इथला कोण तांबट नीट डाग देत न्हाई. तुझ्या बापानं हे कुणाकडनं घडवून घेतलं हुतं?"

मी बेलिफाकडं वळले. "ऐकलंत ना? ऐकलंत ना त्या काय म्हणाल्या?"

"ऐकलं बाई," तो म्हणाला. त्यानं घडी घातलेला कागद खिशात सरकवला. "पंचनामा झालाय. सह्या झाल्या."

शालूबाई एक पाय चपलेत, एक पाय उंबऱ्यावर अशा उभ्या होत्या. त्यांनी घंगाळ हातात घेतलं, उपडं केलं, बुडाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

"मिरजेला," त्या म्हणाल्या. "दर्ग्याच्या मागल्या बोळात. दाढीवाला म्हातारा हुता, आता त्येचा ल्योक बसत असंल. कोंडीबाची लेक म्हणून सांगा, डाग नीट देईल. आन् शेकून घ्या म्हणावं, नुस्ता जोडू नगंस."

मग घंगाळ सासूच्या हातात देऊन त्या पायऱ्या उतरल्या.